छत्री

मेळ्यात घोडी घ्यायला निघालो तेव्हा
वडिलांच्या कोटात दीडशे रुपये होते,
आत्या होती, मी होते,
आणि ग्वाल्हेरच्या कोरड्या थंडीत, आई "ही कशाला" म्हणत असताना
काखोटीला मारलेली काळी छत्री.

विकणारा भिंडकडचा. आधी अबलख काढला, मग कुमैत.
मानेला बाक, अंग तेल चोळल्यासारखं.
"दाँत देखो, साहब."
वडील गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर,
दात बघायचे त्यांचे हात शिवशिवले असतील,
पण त्यांनी जवळ जाऊन
कानापाशी फाडकन छत्री उघडली.

अबलख दोन पायांवर उभा.
कुमैतानं खुंटा उपटून नेला, त्यापाठोपाठ भिंडवाल्याचा पोरगा पळाला.

कडेला एक भुसा खात होती.
पोट सुटलेलं, गुडघे आत, डावा कान फाटका,
रंग म्हणाल तर धुऊन धुऊन उरलेल्या पायपुसण्याचा.
छत्री उघडली.
तिनं एक डोळा वळवला, चघळणं थांबवलं,
आणि छत्रीचा काठ तोंडात घेऊन पाहिला.
"हीच," वडील म्हणाले.
भिंडवाला ओशाळला. "नाम बिजली है."

दौलतगंजभर हसू झालं.
समोरचे पाटणकर रोज विचारायचे,
घोडी टांगा ओढते की टांगा घोडीला ढकलतो?
वडील म्हणायचे, पोचतो ना आपण.
आणि पोचायचो. मोरारला, मुरलेल्या लोणच्यासारखे,
पण पोचायचो.

धाकटा अरविंद रांगायला लागला तेव्हा एकदा
तिच्या पोटाखाली जाऊन बसला.
माशी उडवायला तिनं पाय उचलला होता,
तो खाली ठेवलाच नाही.
आईचे हात पिठात. ती धावत येईपर्यंत
बिजली तीन पायांवर,
कानाभोवती तीच माशी.

त्या वर्षी आत्याला बघायला चौघे आले.
चालून दाखव म्हणाले, सुईत दोरा ओव म्हणाले,
एकीनं वेणी ओढून पाहिली, खरी आहे का.
रंगावर चौघांचंही एकमत.
छत्री कुणी उघडली नाही.
रात्री आत्या खरारा घेऊन अंगणात जायची
आणि घोडी नको इतकी स्वच्छ व्हायची.

मग वैशाखात, त्या चौघांतल्या तिसऱ्याची वरात.
पांढराशुभ्र घोडा भाड्यानं आणलेला,
पाटणकर बाजारात पहिली फटाक्यांची माळ लागली
आणि शुभ्र घोडा नवरदेवाला हलवायाच्या कढईशेजारी टाकून
कंपूकडे निघून गेला.
माणसं आमच्या दारी. तासाभरानं मुहूर्त.
वडिलांनी आत्याकडे पाहिलं.
तिनं आईचा जुना शालू बिजलीच्या पाठीवर टाकला,
फाटक्या कानावर मोगऱ्याची वेणी,
आणि लगाम स्वतः धरला.

बँड कानात, धूर नाकात, पोरं शेपटीशी.
बिजली भाजी आणायला निघाल्यासारखी चालली.
नवरदेव आयाळीला लोंबकळत होता.
"सोडा ती," आत्या पुढे बघत म्हणाली,
"नुसते बसा. बाकी तिचं ती बघते."
त्यानं सोडली. मी मागून पाहिलं,
त्याचे हात मांडीवर कसे ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं.

फोटो त्यांच्याकडे आहे म्हणतात.
त्यात मुंडावळ्या, कान, आणि कडेला कापलेलं एक मनगट.

आत्या पुढे मुलींच्या शाळेत गणित शिकवायला लागली.
वर्गात मागच्या बाकावर पोरींनी लवंगी फोडली
तरी फळ्यावरचा सात वाकडा झाला नाही,
असं तिच्या विद्यार्थिनी अजून सांगतात.

बिजली अकरा वर्षं होती. गेली तीही सावकाश,
दोन दिवस घेतले.

मागच्या महिन्यात माळ्यावर छत्री सापडली.
बाड्यावरच्या दुरुस्तीवाल्यानं काड्या बसवल्या,
मग काठाचं कुरतडलेलं कापड बोटानं दाखवलं,
"बदल दूँ, अम्मा?"

मी त्याच्या हातातून घेतली
आणि तिथंच, भर बाजारात, फाडकन उघडली.
तो दचकला.